पिवळा रंग कुणाचा?

वाशिममधल्या एका लॅबच्या बाकावर बाप-लेक बसले होते. पोरगा चौदा वर्षांचा, नाकाखाली नुकती कोवळी लव आलेली. आठ दिवसांच्या तापानंतर डॉक्टरांनी रक्त तपासून घ्यायला सांगितलं होतं. ताप उतरला, रिपोर्ट हातात आला, आणि त्यात एकच आकडा ठळक काळ्या अक्षरांत छापलेला होता: अल्कलाइन फॉस्फटेज ३६२. शेजारच्या रकान्यात सामान्य मर्यादा, ४० ते १३०. बापाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण ठळक छापलंय म्हणजे काहीतरी बिघडलंय एवढं कळत होतं. मथळ्यातला ‘लिव्हर’ हा शब्दही त्यानं कुणाकडून तरी वाचून घेतला होता.

“साहेब, पोराचं लिव्हर खराब झालं का जी?”

लॅबमधल्या मुलानं आधी बिलिरुबिन पाहिलं, मग एसजीपीटी. दोन्ही जागच्या जागी होती. त्यानं विचारलं, “काका, एवढ्यात उंची वाढली का याची?”

“लय वाढली. मागच्या पोळ्याले शिवलेली फुलपँट या पोळ्याले नडगीवर आली.”

“मग हे लिव्हरचं नसंल काका. हाड वाढून राह्यलं त्याचं. डॉक्टरांना दाखवा, पण घाबरू नका.”

तो आकडा त्या फुलपँटचाच होता. वयात येणाऱ्या मुलाच्या रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज मोठ्या माणसाच्या तिप्पट-चौपट असू शकतं आणि त्यात रोग काहीच नसतो. मुलींमध्ये ही भरती वर्ष-दोन वर्षं आधी येते आणि आधीच ओसरते. रिपोर्टवर छापलेली मर्यादा मोठ्या माणसांची होती, एवढाच काय तो घोळ. पण सोयाबीन सोंगणीला आलेलं असताना शेत सोडून, उसनवारी करून अकोल्याला, तिथून नागपूरला धावाधाव करायची वेळ असल्याच घोळापायी येते. म्हणून या एका आकड्याची गोष्ट मला नीट सांगायची आहे.

शाळेच्या पुस्तकात एन्झाइमला विकर म्हणतात. शरीरातली रासायनिक कामं झटपट उरकून देणारी ही प्रथिनं. त्यांची खरी जागा पेशीत. रक्तात ती थोडीफार सांडलेली असतात, जशी धान्याच्या पोत्यांची चढउतार चालू असली की आडत्याच्या दुकानापुढं थोडं धान्य सांडतंच. एखाद्या दिवशी सांडलेलं धान्य जास्त दिसलं तर कारणं दोन: पोतं फाटलं असेल, किंवा आवक वाढली असेल. रक्तातल्या एन्झाइमचंही असंच आहे. एसजीपीटी वाढलं तर बहुतेक वेळा यकृताच्या पेशी फाटलेल्या असतात. अल्कलाइन फॉस्फटेज वाढलं तर पेशी फाटलेल्याच असतील असं नाही. कुठंतरी ते जास्त तयार होत असतं. आणि ते तयार होण्याची ठिकाणं एकाहून अधिक आहेत: हाड, यकृत, आतडं, मूत्रपिंड आणि गरोदरपणात वार.

यातली हाडाची गोष्ट आधी कळली. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये रॉबर्ट रॉबिसन हा रसायनशास्त्रज्ञ साखर आणि फॉस्फेट एकमेकांना जखडलेल्या संयुगांवर काम करत होता. १९२३ साली त्यानं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उंदराच्या आणि सशाच्या पिलांची वाढती हाडं अशा एका संयुगाच्या कॅल्शियमयुक्त द्रावणात ठेवली होती. द्रावणात पांढरा साका बसू लागला. तो होता कॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे ज्यानं हाड कठीण होतं तेच द्रव्य. हाडातलं काहीतरी त्या साखरेपासून फॉस्फेट तोडून मोकळं करत होतं. त्या ‘काहीतरी’ला फॉस्फटेज हे नाव मिळालं.

आज आपल्याला यातलं बरंच जास्त कळलं आहे. हाड बांधणाऱ्या पेशी म्हणजे गवंडीच. त्या आधी प्रथिनांचा मऊ साचा उभा करतात आणि मग त्यात कॅल्शियम-फॉस्फेटचे स्फटिक भरले जातात. पण शरीरात पायरोफॉस्फेट नावाचं एक द्रव्य असतं, ते स्फटिक जमू देत नाही. ते असतं म्हणून आपलं सगळं शरीर दगड होत नाही. हाडाच्या जागी मात्र हा अडथळा दूर करावा लागतो, आणि ते काम अल्कलाइन फॉस्फटेजचं. गवंडी जितके जास्त कामावर, तितकं हे एन्झाइम रक्तात जास्त. वाढत्या पोरात ते कामावर असतात. मोडलेलं हाड जुळताना काही आठवडे असतात. मुडदुसात तर ते राबराब राबतात, कारण साचा उभा राहतो पण भरायला माल मिळत नाही. म्हातारपणी हाडं ठिसूळ होतात त्या ऑस्टिओपोरोसिसमध्ये मात्र हा आकडा बहुधा सरळच असतो. कंबर मोडलेल्या आजीचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला म्हणून तिची हाडं भक्कम आहेत असं समजू नये.

रक्तातलं फॉस्फटेज मोजून हाडांचे विकार ओळखता येतात हे एच. डी. के या ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञानं १९२९-३०च्या सुमारास दाखवलं. पुढच्या दोन-चार वर्षांत डब्ल्यू. एम. रॉबर्ट्सच्या लक्षात आलं की काही प्रकारच्या काविळीतही हे एन्झाइम खूप चढतं, काहींत मात्र बेताचंच. मग १९३४ साली किंग आणि आर्मस्ट्राँग यांनी मोजायची एक सुटसुटीत रीत दिली. जुन्या लोकांच्या पत्र्याच्या पेटीत एखादा जुना रिपोर्ट सापडला आणि त्यावर ‘९ के. ए. युनिट’ असं लिहिलेलं दिसलं तर दचकू नका. त्या मापात मोठ्या माणसाची मर्यादा साधारण ३ ते १३ अशी असे. आजच्या मापात त्याच्या सातपट आकडा येतो. माप बदललं, माणूस तोच.

याच केचं आणखी एक काम आपल्या घरापर्यंत आलेलं आहे, ते सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. गाई-म्हशीच्या कच्च्या दुधातही हे एन्झाइम असतं. ज्या उष्णतेला दुधातले क्षयाचे जंतू मरतात, त्याहून जराशा जास्त उष्णतेला ते निकामी होतं. के आणि त्याचा सहकारी ग्रॅहम यांनी १९३०च्या दशकात यावरून दुधाची परीक्षा शोधली. पाश्चरायझेशन म्हणजे दूध ६३ अंशांना अर्धा तास किंवा ७२ अंशांना १५ सेकंद तापवणं. त्यानंतर दुधात फॉस्फटेज सापडलं तर दूध नीट तापलेलं नाही, किंवा त्यात मागाहून कच्चं दूध मिसळलं आहे. आपल्याकडचे अन्नसुरक्षेचे नियमही पाश्चराइज्ड दूध या परीक्षेत निरंक निघालंच पाहिजे असं सांगतात. सकाळी चहात पडणारं पिशवीतलं दूध आणि दुपारी लॅबमध्ये जाणारं रक्त, दोघांची परीक्षा घेणारं रसायन सख्ख्या भावंडासारखं आहे.

हाड समजलं, पण यकृताचा काय संबंध? यकृतात पित्त तयार होतं आणि बारीक-बारीक नळ्यांतून वाहत आतड्यात उतरतं. नळीत खडा अडकला, गाठीनं ती दाबली गेली किंवा सूज आली की पित्त तुंबतं. पूर्वी समजूत होती की एन्झाइमलाही बाहेर जायची वाट मिळत नाही म्हणून ते रक्तात साचतं. नंतर कळलं की तुंबलेल्या पित्तामुळं यकृताच्या पेशी स्वतःच हे एन्झाइम जास्त बनवू लागतात. त्यामुळंच कावीळ झालेल्या माणसाच्या बाबतीत हा आकडा फार मोलाचा ठरतो.

आता त्या काविळीकडेच येतो, कारण तिच्याविषयी आपल्या भागात लॅबच्या आधी दुसरंच दार ठोठावलं जातं. कावीळ ‘उतरवणारा’ माणूस पंचक्रोशीत कुठंतरी असतोच. परातीत चुन्याची निवळी ठेवतात. रोग्याचे हात त्यात चोळून धुतात. बघता-बघता पाणी हळदीसारखं पिवळं होतं. घरची माणसं डोळ्यादेखत कावीळ उतरताना पाहतात आणि हात जोडतात. मी त्या हात जोडणाऱ्यांना हसत नाही. पिवळ्या डोळ्यांच्या माणसाच्या अंगातून पिवळं पाणी निघताना दिसलं तर कुणाचाही विश्वास बसेल.

यातली किमया आंब्याच्या अंतरसालीची असते. तिचा रस हाताला आधी लावलेला असतो आणि चुन्याच्या पाण्याला लागला की तो पिवळा पडतो. चुना हा अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट्या गुणाचा. साल अल्कलीत रंग सोडते. ज्याला कावीळ नाही अशा धडधाकट माणसाच्या हाताला तोच रस लावून तीच परात पुढं ठेवा, पाणी तितकंच पिवळं होईल.

आणि गंमत अशी की लॅबमध्येही अल्कलीच असते आणि पिवळाच रंग येतो. अल्कलाइन फॉस्फटेज हे नावच त्यामुळं पडलं, कारण हे एन्झाइम अल्कलीत, साधारण १०च्या आसपासच्या पीएचला जोरात चालतं. पॅरा-नायट्रोफिनाइल फॉस्फेट नावाचं रसायन पाण्यासारखं बिनरंगी असतं. एन्झाइम त्यातलं फॉस्फेट तोडतं आणि जे उरतं ते अल्कलीत पिवळं दिसतं. ही रीत १९४६ साली बेसी, लाउरी आणि ब्रॉक यांनी रक्तासाठी बसवली, आणि तिचीच सुधारलेली आवृत्ती आज तालुक्याच्या लॅबमध्येही चालते.

एकदा त्या मशीनशेजारी बसून मी हे पाहिलं. लाल टोपणाच्या ट्यूबमधलं रक्त आधी अर्धा तास गोठू दिलं. मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं. बाहेर काढलं तेव्हा तळाला काळपट लाल गोळा आणि वर गवताच्या काडीच्या रंगाचं सिरम. त्यातला एवढासा थेंब, मोहरीच्या दाण्याएवढा, रसायनात पडला. मशीन त्यावर ४०५ नॅनोमीटरचा जांभळट प्रकाश टाकतं आणि पिवळा रंग तो किती गिळतो हे मिनिटामिनिटाला मोजतं. किती रंग आला याहून तो किती वेगानं चढतोय हे महत्त्वाचं. वेग जास्त म्हणजे एन्झाइम जास्त. रसायनाचा स्वतःचा जो रंग असेल तो ‘ब्लँक’ म्हणून आधीच वजा केलेला असतो. रोज सकाळी, पहिल्या पेशंटच्याही आधी, ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असं कंट्रोल सिरम चालवतात. ते बरोबर आलं तरच पुढचं काम. परातीतल्या पिवळ्याला हे दोन प्रश्न कुणी कधी विचारलेले नसतात: रोगी नसताना किती पिवळं होतं, आणि उत्तर माहीत असलेल्यावर काय येतं?

तिथल्या ताईंनी एक चूकही दाखवून दिली, नवख्या हातून ती हमखास होते म्हणाल्या. रक्त जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये घेतलं तर त्यातलं ईडीटीए हे रसायन जस्त आणि मॅग्नेशियम पकडून ठेवतं. याच दोन धातूंच्या जिवावर हे एन्झाइम चालतं. मग आकडा एकदम पडतो आणि खरा आजार झाकला जातो. हिमोग्लोबिनसाठी जांभळी, या तपासणीसाठी लाल किंवा पिवळी. एवढंसं टोपण, पण सगळा निकाल त्यावर.

काविळीच्या रोग्यात या आकड्याचा उपयोग असा. दूषित पाण्यातून येणाऱ्या विषाणूंच्या काविळीत एसजीपीटी हजाराच्या घरात जातं आणि अल्कलाइन फॉस्फटेज थोडंच वाढतं. खड्यानं किंवा गाठीनं नळी बंद झालेली असेल तर उलटं होतं: फॉस्फटेज चांगलंच चढतं, एसजीपीटी त्या मानानं कमी. अंगाला खाज सुटते, लघवी गडद होते, शौचाला पांढुरकी, मातीच्या रंगाची होते. अशा माणसाला सोनोग्राफी लागते, कधी शस्त्रक्रिया. ‘ए’ विषाणूची कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते, आणि श्रेय परातवाल्याला मिळतं. नळी बंद झालेल्याची मात्र आपोआप बरी होत नाही. आणि गरोदर बाईला ‘ई’ विषाणूची कावीळ झाली, तर शेवटच्या तीन महिन्यांत दर पाचातली एक दगावू शकते. तिथं परातीसमोर घालवलेला एकेक दिवस मला असह्य वाटतो.

तरीही मूळ प्रश्न उरतोच. आकडा वाढलेला दिसला तर तो हाडाचा की यकृताचा, हे तो आकडा स्वतः सांगत नाही. त्याला सोबती लागतो. सगळ्यात सोयीचा सोबती म्हणजे जीजीटी. हे एन्झाइम यकृतात आणि पित्तनळ्यांत भरपूर असतं, हाडात नसतं. दोन्ही वाढली तर पत्ता यकृताकडचा. जीजीटी सरळ आणि फॉस्फटेज वर, तर हाडाकडं बघायचं. मात्र दारूनं आणि फिट्सच्या काही गोळ्यांनी जीजीटी एकटंही वाढतं, तेव्हा डॉक्टरांपासून दारू आणि गोळ्या लपवू नयेत. जुन्या काळी याहून साधी युक्ती होती: सिरम ५६ अंशांना दहा-पंधरा मिनिटं तापवायचं. हाडातून आलेलं एन्झाइम बरंचसं मरतं, यकृताचं टिकाव धरतं. वारेतून आलेलं तर ६५ अंशांनाही तग धरतं. शेवटच्या तिमाहीतल्या गरोदर बाईचा आकडा याच वारेमुळं चढतो, त्यात भिण्यासारखं काही नाही. ‘ओ’ किंवा ‘बी’ रक्तगटाच्या काही माणसांत तुपातेलाच्या जेवणानंतर आतड्यातलं एन्झाइमही रक्तात उतरतं. आदल्या रात्री रोडग्याचं जेवण झालेलं असेल, तर उपाशीपोटी पुन्हा तपासून घेतलेलं बरं.

आपल्या भागात एक आजार असा आहे, जिथं हे दोन्ही पत्ते एकाच माणसात सापडतात: सिकलसेल. नागपूरच्या आर. एन. शुक्ला आणि बी. आर. सोळंकी यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलवर लिहिलं. तेव्हापासून विदर्भाला या आजाराची ओळख आहे, आणि देशपातळीवर त्याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू झाली ती १ जुलै २०२३ रोजी. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडात अडकल्या की हाडाचा तो भाग रक्ताविना मरतो, असह्य दुखतो, आणि भरून येताना फॉस्फटेज वाढवतो. दुसरीकडं पेशी सतत फुटत राहतात, त्यातून पित्ताचे खडे लहान वयातच होतात, आणि खडा नळीत अडकला की पुन्हा फॉस्फटेज वाढतं. एवढ्यावर थांबत नाही. एसजीओटी हे एन्झाइम तांबड्या पेशींतही असतं, त्यामुळं पेशी फुटल्या की यकृत ठणठणीत असूनही ते वर जातं. डोळे तर कायम थोडे पिवळे असतातच. अशा मुलाचा रिपोर्ट वाचताना दुखणं कुठं आहे, हाडात की बरगडीखाली उजव्या बाजूला, हे विचारल्याशिवाय एकही आकडा बोलत नाही. ज्याला सिकलसेल आहे त्यानं, किंवा त्याच्या आईनं, ही गोष्ट लॅबच्या चिठ्ठीवर लिहून घ्यायचा आग्रह धरावा.

चढलेल्या आकड्यालाच सगळे घाबरतात. उतरलेल्या आकड्याकडं कुणी बघत नाही. फॉस्फटेज फारच कमी असेल तर एक दुर्मीळ जन्मजात आजार असू शकतो, हायपोफॉस्फटेशिया. कॅनडातल्या रॅथबननं १९४८ साली त्याला हे नाव दिलं. त्यात हाडं मऊ राहतात आणि दुधाचे दात मुळासकट अकाली पडतात. कुपोषणात आणि जस्ताच्या कमतरतेतही आकडा खाली येतो. आणि उतरत्या आकड्याचं सगळ्यात मोठं उदाहरण, फॉस्फटेजचं नव्हे तर दुसऱ्या एका एन्झाइमचं, आपल्या शेजारीच घडलं आहे. मानोऱ्याहून पुढं दिग्रसकडं गेलं की यवतमाळ जिल्हा लागतो. २०१७ साली तिथं कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी आणि शेतमजूर मेले. फवारणीच्या काही औषधांनी, विशेषतः ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या औषधांनी, रक्तातलं कोलिनएस्टरेज हे एन्झाइम बंद पडतं. सिरममधलं कोलिनएस्टरेज यकृत बनवतं, त्यामुळं यकृताच्या जुनाट आजारातही ते कमी होतं. प्रत्येकाचं ते मुळातच कमी-जास्त असतं, म्हणून विषबाधेनंतर एकदाच मोजलं तर खरी घसरण किती झाली हे नीट कळत नाही. फवारणी सुरू होण्याआधी, जून महिन्यातच, प्रत्येक फवारणाऱ्याचं एकदा मोजून ठेवलं पाहिजे. बैलांना लस टोचायची तारीख आपण चुकवत नाही. पंप पाठीवर घेणाऱ्या माणसाच्या रक्ताचा एक आकडा कार्डावर लिहून ठेवणं हे त्याहून अवघड काम नाही.

शेवटी त्या बाईबद्दल सांगायचं आहे, जी लॅबपर्यंत सहसा पोचतच नाही. चाळिशीच्या आतबाहेरची. मांड्या दुखतात, कंबर दुखते, बरगड्या दाबल्या की कळ येते. खाली बसून भाकरी थापते, पण उठताना जमिनीला हात टेकावा लागतो. चालताना बदकासारखी डुलते. घरात म्हणतात वात धरलाय, आणि वर्षानुवर्षं ती वेदनेच्या गोळ्या खाते. अशा बाईच्या हाडांत ड जीवनसत्त्वाअभावी चुना भरला जात नसेल, तर त्याला ऑस्टिओमलेशिया म्हणतात. मोठ्या माणसाचा मुडदूसच तो. ऊन आपल्याकडं अमाप आहे, पण शेतात ती पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, तोंडाला रुमाल बांधून असते, आणि घरात सावलीत. क्षयाच्या रिफॅम्पिसिननं आणि फिट्सच्या फेनिटोइननंही ड जीवनसत्त्व लवकर खर्ची पडतं. त्या जीवनसत्त्वाची तपासणी महाग. पण अल्कलाइन फॉस्फटेज, कॅल्शियम आणि फॉस्फरस या तीन तपासण्या त्यापेक्षा पुष्कळ स्वस्त आहेत, आणि फॉस्फटेज वर व बाकी दोन्ही खाली दिसले की डॉक्टरांना पुरेसा इशारा मिळतो.

उपचार सुरू झाल्यावर एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी लागते. पहिल्या काही आठवड्यांत आकडा उतरायच्या ऐवजी आणखी चढू शकतो. अडून बसलेल्या गवंड्यांना माल मिळाला, आता ते जोरात कामाला लागले, म्हणून. हे कुणी समजावलं नाही तर बाई घाबरते, औषध बंद करते, आणि पुन्हा जमिनीला हात टेकायला लागते. समजावलं तर ती गोळी सोडत नाही. पुढं काही महिन्यांत आकडा हळूहळू खाली येतो, पण त्याच्या आधीच फरक पडलेला असतो. एक दिवस ती चुलीपुढून नुसती उठते, हात न टेकता.